अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर काय खावे?

प्रश्न : माझे वय ३२ वर्षे, वजन ५५ किलो. खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या आडव्या उगवलेल्या अक्कलदाढा पुढच्या आठवड्यात एकाच वेळी शस्त्रक्रिया करून काढायच्या आहेत. भूल तेवढ्या भागापुरतीच देणार आहेत. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ‘आठ दिवस मऊ आहार घ्यावा’ एवढेच लिहिले आहे. माझ्या एका मैत्रिणीने अशाच शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर आइस्क्रीम आणि फळांच्या रसावर काढला आणि शेवटी तिला जिना चढणेही जड जाऊ लागले. मी मांस-मासे खात नाही, अंडी आणि दूध चालते. एकटी राहते, त्यामुळे करून घालणारे कुणी नाही. वेदनाशामक गोळ्यांनी मला पित्ताचा त्रास होतो. मी नेमके काय खावे, काय कधीपासून सुरू करावे, आणि पाचव्या दिवशी कामावर जायचे आहे तर डब्यात काय न्यावे?

उत्तर : आपण हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारलेत ते फार बरे केलेत, कारण यातला बराचसा भाग स्वयंपाकघरातल्या पूर्वतयारीचा आहे आणि ती तयारी गाल सुजलेला असताना, गोळीच्या गुंगीत आणि एकटीने होत नाही. दवाखान्यातल्या कागदावरची सूचना चुकीची नाही, पण अपुरी आहे. पाव मऊ असतो, नूडल्स मऊ असतात, चिकट मिठाईही मऊच असते. तरीही पहिल्या आठवड्यात या तिन्ही गोष्टी नकोत. पावाचा लाळेत भिजून लगदा होतो आणि तो जखमेच्या खळग्यात बसतो, नूडल्स ओठांनी ओढून घ्याव्या लागतात, आणि चिकट मिठाई टाक्यांना धरून राहते. म्हणून पदार्थ निवडताना तो किती मऊ आहे यापेक्षा तो जखमेशी कसा वागेल हे आधी पाहावे, आणि त्याच्या जोडीला त्यातून शरीराला काय मिळेल हे पाहावे. आपल्या मैत्रिणीने पहिली बाजू सांभाळली आणि दुसरी सोडली, असे मला आपल्या वर्णनावरून वाटते.

दाढ काढल्यावर हाडात जो खळगा उरतो तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून त्याची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजेच जखमेवरचे पहिले आवरण. तिच्या आधाराने पुढे नवी ऊती आणि मग हाड तयार होते. ती वेळेआधी निखळली किंवा विरघळून गेली तर खालचे हाड आणि मज्जातंतूंची टोके उघडी पडतात आणि कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. वरच्या दाढांपेक्षा खालच्या अक्कलदाढांच्या बाबतीत तो जास्त आढळतो आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो. पहिल्या दिवसांतली खाण्यापिण्याची सगळी बंधने या गुठळीसाठी आहेत हे एकदा लक्षात आले, की यादी पाठ करावी लागत नाही. फार गरम पदार्थाने रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. स्ट्रॉने ओढताना तोंडात पोकळी निर्माण होऊन गुठळीला ओढ बसते. बारीक टणक कण खळग्यात शिरतात आणि टोचतात. आंबट, तिखट किंवा फेसाळणारे पेय जखमेला झोंबते. स्ट्रॉने धोका नेमका किती वाढतो याबद्दल दंतवैद्यांत एकमत नाही, तरी वाटी आणि चमचा हाताशी असताना तो धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. धूम्रपानाबद्दल मात्र असा मतभेद नाही; आपण करत असाल तर ते पूर्ण बंद ठेवावे, कारण त्याचा अपाय कोणत्याही चुकीच्या पदार्थापेक्षा मोठा आहे.

एखाद्या पदार्थाबद्दल शंका आली तर दोन सोप्या परीक्षा करून पाहाव्यात. त्याचा लहानसा घास जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबावा. दातांच्या मदतीशिवाय तो विरून गेला तर तो पहिल्या तीन-चार दिवसांत चालेल. दुसरी परीक्षा तोंडात घालण्याआधीची: थोडासा पदार्थ अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळावा, आणि रवाळ कण, बी किंवा सालीचा पापुद्रा बोटांना लागला तर तो पदार्थ पुन्हा मिक्सरमधून काढून गाळावा. आपल्या दोन्ही बाजूंना जखमा असणार, त्यामुळे ‘दुसऱ्या बाजूने चावा’ हा एरवी दिला जाणारा सल्ला आपल्या कामाचा नाही. आपल्याला काही दिवस जवळजवळ न चावताच जेवायचे आहे, असे धरून चालावे.

शस्त्रक्रियेच्या दिवसापासून सुरुवात करू. भूल फक्त जबड्यापुरती असेल तर सहसा उपाशी राहावे लागत नाही. उलट दवाखान्यात जाण्याआधी नीट जेवून जावे, कारण पुढचे काही तास पोटात फारसे काही जाणार नाही. मात्र ऐनवेळी गुंगीचे किंवा पूर्ण बेशुद्धीचे औषध द्यायचे ठरले तर किती तास उपाशी राहायचे हे डॉक्टर सांगतील आणि ते काटेकोर पाळावे. दाढा काढल्यावर जखमेवर गॉझचा बोळा ठेवून तो साधारण अर्धा ते एक तास दाताखाली घट्ट धरायला सांगतात. तो काढल्यावर रक्त थांबलेले असेल तर गार पाणी किंवा गार दूध लहान घोटांनी प्यायला हरकत नाही. खालच्या जबड्याची बधिरता तीन ते पाच तास टिकू शकते. तोवर चावायचे काही तोंडात घालू नये, कारण गाल, ओठ किंवा जीभ दाताखाली येऊन कापली तरी त्या वेळी कळत नाही, आणि गरम चहाने तोंड भाजले तरी तेही कळत नाही.

बधिरता उतरल्यावर पहिला दिवस गार आणि पातळसर पदार्थांवर काढावा: पातळ फेटलेले गोडसर दही, दूध घालून मिक्सरमधून काढलेले केळे, गार कस्टर्ड, आणि होय, आइस्क्रीमसुद्धा. आइस्क्रीमला माझा विरोध नाही. पहिल्या दिवशी त्याच्या गारव्याने बरे वाटते, फक्त त्यात सुक्या मेव्याचे तुकडे किंवा बिस्किटाचा चुरा नसावा. विरोध आहे तो सात दिवस त्यावरच राहण्याला.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पदार्थ सुरू करता येतात. कोमट किती, हा प्रश्न नेहमी येतो. तान्ह्या बाळाचे दूध जसे मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहतात तसेच इथे करावे. थेंब ना गरम लागला ना गार, म्हणजे तो पदार्थ तोंडात घालण्याजोगा झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सूज वाढते आणि तोंड उघडणे अवघड होते. एरवी उभ्या धरलेल्या तीन बोटांएवढे उघडणारे तोंड या दिवसांत दोन, कधी कधी एकच बोट उघडते. याने घाबरून जाऊ नये, पण याचा विचार चमचा निवडताना जरूर करावा. जेवणाचा मोठा चमचा आत जात नाही आणि जबरदस्तीने घातला तर त्याची कड टाक्यांना लागते. उथळ, लहान चमचा घ्यावा, तो अर्धाच भरावा, घास जिभेच्या पुढच्या भागावर ठेवावा आणि ओठ मिटून चमचा सरळ मागे काढावा. अशा रीतीने एक वाटी संपायला वेळ लागतो, म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाणे सोयीचे पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, तो म्हणजे प्रथिनांचा. जखम भरताना शरीर नवी ऊती बांधत असते आणि त्यासाठी लागणारे साहित्य मुख्यतः प्रथिनांतून येते. निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात हे प्रमाण १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक ठेवण्याचा सल्ला दिला जातो. आपल्या ५५ किलो वजनाला म्हणजे दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास. फळांच्या रसात प्रथिने जवळजवळ नसतातच, आणि शंभर ग्रॅम आइस्क्रीममधून जेमतेम तीन-चार ग्रॅम मिळतात, तीही बरीच साखर सोबत घेऊन. सात दिवस असे गेले तर जिना जड वाटणारच.

हा आकडा न चावता गाठता येतो का? येतो, पण आपोआप नाही. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, दोनशे ग्रॅम दह्यातून ७ ग्रॅम, दाट शिजवलेल्या डाळीच्या मोठ्या वाटीतून १५ ग्रॅमच्या आसपास, आणि पन्नास ग्रॅम पनीर दुधात घालून मिक्सरमधून गुळगुळीत केले तर त्यातून ९ ग्रॅमच्या आसपास, असे मिळून साठापर्यंत जाता येते. उरलेले दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर सूपमध्ये किंवा खिरीत मिसळून भरून काढावे. चव फारशी बदलत नाही आणि आकारमानही वाढत नाही, जे या दिवसांत महत्त्वाचे आहे, कारण पोट रिकामे असले तरी तोंड लवकर दमते. बाजारात मिळणारी प्रथिनांची पावडर आपल्यासारख्या एरवी निरोगी व्यक्तीला एका आठवड्यासाठी विकत घेण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वाचकांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

डाळीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे एक गोंधळ हमखास होतो. आजारी माणसासाठी म्हणून शिजलेल्या डाळीवरचे निवळ पाणी काढून दिले जाते. ते प्यायला सोपे असते, पण प्रथिने त्या पाण्यात नसतात, खाली बसलेल्या डाळीत असतात. बिनसालीची डाळ नेहमीपेक्षा जास्त वेळ शिजवावी, कोमट झाल्यावर मिक्सरमधून काढावी आणि गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबत गाळावी. गाळणीवर उरलेला चोथा तेवढा टाकून द्यावा. त्यात शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर घातले तर दाट, किंचित गोडसर सूप होते. मीठ नेहमीएवढे चालेल. मिरी, मोहरी, तीळ यांचे अख्खे दाणे आणि मिरच्यांचे तुकडे मात्र अजिबात नकोत.

अंड्यांसाठी मला एक पद्धत फार उपयोगी वाटते. दोन अंडी अर्धी वाटी दूध आणि चिमूटभर मीठ घालून फेटावीत, ते मिश्रण गाळून एका वाटीत ओतावे, वर झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वाफवावे. मध्यभागी सुरीचे टोक घातल्यावर ते स्वच्छ बाहेर आले की झाले. आच मोठी ठेवली तर अंड्याला जाळी पडते, पाणी सुटते आणि पदार्थ रबरासारखा लागतो. मंद आचेवर तो इतका नाजूक होतो की जिभेने दाबताच विरतो. अंडी पूर्ण शिजलेली असावीत. ताकदीसाठी म्हणून कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याचा सल्ला कुणी दिला तर तो नम्रपणे नाकारावा, कारण कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पित्ताचा त्रास होतो हे आपण लिहिलेत, पण कोणत्या गोळीने ते लिहिले नाहीत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की असा त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून गोळीच्या आधी निदान अर्धी वाटी तरी दही, कस्टर्ड किंवा खीर पोटात जावी. मध्यरात्रीच्या गोळीसाठीही एक वाटी उशाशी झाकून ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा त्रास शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावा, म्हणजे गोळी बदलता येईल किंवा जोडीला पित्तशामक देता येईल. अँटिबायोटिक दिले गेले तर ते दुधाबरोबर चालते का हेही विचारून घ्यावे. अमॉक्सिसिलिनला दुधाची अडचण नसते. डॉक्सिसायक्लीन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन मात्र दुधातल्या कॅल्शियममुळे कमी शोषले जाते, त्यामुळे त्या गोळ्या आणि दूध-दही यांच्यात काही तासांचे अंतर लागते. मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते आणि चांगले शिजवलेलेही बेचव लागते. त्यात आपल्या स्वयंपाकाचा दोष नाही, गोळी थांबली की चव परत येते. ते औषध चालू असताना मद्य पूर्ण वर्ज्य आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, सूज उतरू लागली की, पदार्थांना थोडा दाटपणा येऊ द्यावा. मऊसर कुस्करलेला बटाटा किंवा रताळे, दुधात शिजवून मऊ केलेले ओट्स, डाळीत एकजीव केलेला गुरगुट्या भात, काट्याने कुस्करलेले पिकलेले केळे किंवा पपई, सफरचंद सोलून शिजवून केलेला लगदा. सुटा मोकळा भात मात्र अजून नको. त्याचे एकेक शीत खळग्यात जाऊन बसते आणि मग ते जिभेने काढण्याचा मोह आवरत नाही. स्ट्रॉबेरी, किवी, अंजीर यांच्या बारीक बिया मिक्सरमध्येही पूर्ण मोडत नाहीत. हल्ली पौष्टिक म्हणून सगळ्यात चिया घालण्याची पद्धत पडली आहे. या दोन आठवड्यांत तिला सुट्टी द्यावी. क जीवनसत्त्व जखम भरण्यासाठी आवश्यक आहे, पण त्यासाठी संत्र्या-लिंबाचा झोंबणारा रस पिण्याची गरज नाही, ते पपईतूनही भरपूर मिळते. पाणी आणि इतर पातळ पदार्थ मिळून दिवसाला दोन लिटरच्या आसपास जावेत. गाळलेल्या अन्नात चोथा कमी असल्यामुळे या दिवसांत पोट साफ होत नाही, तिथेही पपई आणि शिजवलेले सफरचंद मदतीला येते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी यातले गोड पदार्थ वगळून डाळ, अंडी, दही यांवर भर द्यावा, आणि खाणे कमी झालेले असताना गोळ्या किंवा इन्सुलिनची मात्रा तीच ठेवायची का हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

आपण एकट्या राहता, म्हणून तयारी आदल्या दिवशीच उरकावी. डाळ-भोपळ्याचे सूप आणि सफरचंदाचा लगदा लहान लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा, एका डब्यात एकच वेळचे, म्हणजे पुन्हा पुन्हा गरम करून गार करणे टळते. दही, दूध, अंडी, केळी पुरेशी आणून ठेवावीत. अंडी मात्र ताजी वाफवावीत. गोठवून पुन्हा गरम केली तर त्यांचा पोत बिघडतो.

खाल्ल्यानंतरची स्वच्छता हाही आहाराचाच भाग समजावा. पहिले चोवीस तास चूळ भरू नये आणि जोराने थुंकू नये. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून, प्रत्येक खाण्यानंतर ते पाणी तोंडात घेऊन मान हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवावी आणि पाणी बेसिनमध्ये नुसते पडू द्यावे. खळग्यात काही अडकले तर काडी, बोट किंवा जीभ घालू नये. साधारण आठवड्याने डॉक्टर वाकड्या टोकाची पिचकारी देऊन खळगा धुवायला शिकवतात. ती त्यांनी सांगण्याआधी स्वतःहून वापरू नये.

कमी होत आलेली वेदना तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढली, तोंडाला घाण वास किंवा चव येऊ लागली, ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच राहिली, गॉझ अर्धा तास घट्ट दाबून धरूनही रक्त थांबेना, तर त्यावर कोणताही आहार हा उपाय नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.

पाचव्या दिवशीच्या डब्यात दाट डाळीचे सूप थर्मासमध्ये कोमटच भरून न्यावे, उकळते नको, कारण थर्मासमधले सूप जेवणाच्या सुट्टीतही तेवढेच गरम राहते आणि थांबायला आपल्याकडे वेळ नसतो. जोडीला कुस्करलेला बटाटा आणि दही एकत्र करून एक डबा, आणि सकाळ-दुपारच्या मधल्या वेळेसाठी कस्टर्ड किंवा केळे. आपला लहान चमचा आणि मिठाच्या पाण्याची बाटली विसरू नये. जेवायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागेल, तेव्हा तेवढी सवलत आधीच मागून घ्यावी. आठवडा झाल्यावर नीट शिजलेल्या भाज्या, पनीरचे मऊ तुकडे आणि मोकळा भात हळूहळू सुरू करता येईल. शेंगदाणे, चिवडा, वेफर्स, पॉपकॉर्न यांसारखे कुरकुरीत खाणे मात्र किमान दोन आठवडे, आणि तपासणीत खळगा अजून खोल असल्याचे सांगितले गेले तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत, बाजूलाच ठेवावे.